आबांच्या गोळ्यांचं मेण

आबांची बंदूक चाचणीत नापास झाली ती एका कोरड्या गोळीमुळे. कचेरीमागच्या पटांगणात, एप्रिलच्या रखरखत्या उन्हात, त्यांचा मुलगा इंद्रसिंग गिरासे याने आयुष्यात पहिल्यांदा ठासणीची बंदूक भरायला घेतली आणि गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन बसली. खाली जाईना, वर येईना. शस्त्रं तपासणारे साहेब जाड चष्म्याचे, सेवेची शेवटची वर्षं मोजणारे गृहस्थ होते. त्यांनी तासभर खटपट करून ती गोळी बाहेर काढली, दोन बोटांत फिरवून पाहिली आणि विचारलं, "हिला मेण कुठंय?"

इंद्रसिंगला काय ठाऊक! शिशाच्या गोळीला मेण लागतं ही गोष्ट त्याच्या कानावर पहिल्यांदाच आली होती. साहेबांनी समजावलं, की तुमचे वडील तीस वर्षं ही बंदूक दाखवायला आणत, त्यांच्या गोळ्या मेणात घोळवलेल्या असत, नळीत अशा सरकत की ठासायचा गज नावाला लावायचा. मग त्यांनी एक महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात मेणाच्या गोळ्या घेऊन या आणि बंदूक चालवून दाखवा, म्हणजे वापरण्यायोग्य असल्याचा दाखला देतो. दाखला नसेल तर वारसाच्या नावावर परवाना होत नाही. "आणि मग बंदुकीचं काय करतात?" इंद्रसिंगने विचारलं. "कापतात," साहेब म्हणाले.

हा एक शब्द इंद्रसिंग शहाद्याहून आपल्या गावी, प्रकाशाला, येणाऱ्या बसमध्ये सगळा रस्ता चघळत बसला. त्याला बंदुकीचा सोस होता असं मुळीच नाही. आबांनी ती घेतली तापीकाठच्या शेतात शिरणाऱ्या डुकरांसाठी. आता शेत बटाईने दिलेलं, आणि इंद्रसिंगला डुक्कर लांबून दिसलं तरी घरी चहा प्यायची आठवण व्हायची. पण गेल्या वर्षी आबा अंथरुणाला खिळले तेव्हा बंदूक नूतनीकरणासाठी कचेरीत अडकली होती. सहा दिवस आबा एकच विचारत राहिले, बंदूक आणली का. इंद्रसिंग म्हणाला, शनिवारी आणतो, सध्या बारावीच्या पुरवणी परीक्षेची प्रात्यक्षिकं चालू आहेत. आबा गुरुवारी गेले. त्या वेळी त्यांचा एकुलता एक मुलगा शहाद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात परीक्षानळ्या धूत होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण स्वतःला रोज सांगत होता. वर्षश्राद्धाच्या आत बंदूक घरी आणायची, तिच्या जुन्या खुंटीला टांगायची, एवढंच त्याला हवं होतं.

इथे एक खुलासा करायला हवा. इंद्रसिंग प्रयोगशाळा सहायक. एकोणतीस वर्षांची नोकरी. गावात त्याला सगळे 'सर' म्हणत, महाविद्यालयात 'इंद्रसिंग, बीकर आण' म्हणत, आणि या दोन गोष्टींतलं अंतर तो रोज सकाळ-संध्याकाळ बसने तोडत असे. त्यामुळे मेणाचा प्रश्न समोर आल्यावर त्याला जरा हुरूप आला म्हटलं तरी चालेल. बंदूक आपल्याला कळत नाही, पण पदार्थ वितळवणं, गाळणं, थंड करणं हे तर आपलं खातं! आबा त्याला 'बाटलीधुव्या' म्हणत. बाटलीधुव्या काय करू शकतो ते आता दिसेल, असं त्याने मनाशी ठरवलं आणि एक कोरी वही काढून पहिल्या पानावर 'उद्देश' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मेण आणायला तो धर्मचंदच्या दुकानात गेला. धर्मचंदचं किराणा दुकान पिढीजात. आजोबा मारवाडातून आलेले, धर्मचंद मात्र ग्राहकाशी अहिराणीच बोलणार. त्याला मेणबत्त्यांचे सहा पुडे काढायला सांगितले तेव्हा त्याने विचारलं, दिवाळी तर लांब आहे, एवढ्या कशाला. इंद्रसिंग म्हणाला, "गोयासले चोपडानं शे." म्हणजे गोळ्यांना चोपडायचंय. आता बघा, आमच्याकडे ळ जिभेवर टिकत नाही. गोळीची गोयी होते, डोळ्याचा डोया होतो. आणि गोयी म्हटली की किराणा दुकानदाराच्या डोक्यात औषधाचीच येणार, शिशाची कशी येईल? सात पिढ्या ज्याच्या घरात मुंगीला वाट करून देतात, तो माणूस बंदूक मनात तरी आणेल का? धर्मचंदने अर्थ लावला, की सरांच्या म्हाताऱ्या आईच्या घशात गोळ्या अडकतात, म्हणून सर घरीच गुळगुळीत गोळ्या तयार करताहेत. विज्ञानाचा माणूस. त्याने प्रेमाने सल्ला दिला, की मेणाऐवजी गायीचं तूप वापरा, आणि इंद्रसिंगने तोही वहीत लिहून घेतला.

पहिला प्रयोग मेणबत्तीचा. आबांचा साचा होता, कोळ्यांच्या जुन्या जाळ्यांचं शिसं डब्यात पडलेलं होतं. रानबोराएवढ्या बारा गोळ्या पाडून झाल्या. मेण वितळवलं ते मात्र दुधाच्या पातेल्यात, कारण दुसरं हाताशी नव्हतं. गोळ्यांवर पांढरं सुंदर कवच बसलं. इंद्रसिंगने एक दाबून पाहिली, तर कवच अंड्याच्या टरफलासारखं तडकून गळून पडलं. संध्याकाळी चहात मेणाचे डोळे तरंगायला लागले तेव्हा मोहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते पातेलं त्याच्यापुढे आपटलं आणि ते आता तूच वापर असं सांगितलं.

दुसरा प्रयोग बुटाच्या पॉलिशचा. त्यातही मेण असतं, हे त्याने डबीवर वाचलेलं. गोळ्या चकाकल्या, पण बोटं काळी झाली, बोटांनी कपाळ काळं झालं, आणि तो तसाच बस पकडून गेला. प्राचार्यांनी भर वऱ्हांड्यात त्याला थांबवून विचारलं, घरी काही वाईट झालं का. तो नाही म्हणाला. मग हे कशासाठी, असं त्यांनी कपाळाकडे बोट दाखवून विचारलं, आणि एकोणतीस वर्षांत प्रथमच त्या वऱ्हांड्यातले सगळे विद्यार्थी इंद्रसिंगकडे एकाग्रपणे पाहत उभे राहिले.

तिसरा व्हॅसलीनचा. त्या दिवशी पारा त्रेचाळीसला होता. ताटात ठेवलेल्या गोळ्या दुपारपर्यंत घाम फुटल्यासारख्या ओघळल्या, चार फरशीवर उतरल्या, आणि मोहिनी त्यांतल्या एकीवर पाय देऊन पडली. कंबरेला मुका मार बसला. ती आठ दिवस भिंतीला धरून चालली आणि त्या आठ दिवसांत तिने आबांच्या बंदुकीबद्दल जे काही म्हटलं ते इथे न लिहिलेलंच बरं. इंद्रसिंगने वहीत 'निष्कर्ष : घर्षण समाधानकारक कमी' असं लिहिलं, पण लिहिताना त्याला आनंद झाला नाही. मुदतीतले सोळा दिवस संपले होते.

शेवटी महाविद्यालयातला शिपाई दिलवरसिंग कामी आला. तो अक्कलकुव्याकडचा, खापर गावाच्याही पुढे डोंगरात त्याचं घर. त्याने मधमाशीच्या मेणाचा एक मोठा गोळा आणून दिला आणि पैसे विचारल्यावर रागावला. मेण अस्सल होतं, इतकं की त्यात अकरा माश्या होत्या. त्या वेचून काढून इंद्रसिंगने मेण वितळवलं, गोळ्या बुडवल्या, तर त्या एकमेकींना जोडून एक घोसच तयार झाला. घोस बोटांना चिकटला, बोटं वहीला चिकटली. इंद्रसिंग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तसाच बसून राहिला. त्याला खरंच रडू येत होतं. बावन्न वर्षांचा माणूस, आणि बापाला जी गोष्ट न शिकता येत होती ती आपल्याला वही घालूनही येत नाही, या विचाराने त्याचा अगदी पार चोळामोळा झाला.

त्याची आई भिकुबाई कोपऱ्यात बसून हे तीन आठवडे बघत होती. ऐंशीच्या घरातली, कानाने कमी, बोलायची त्याहून कमी. तिला कोणी काही विचारलं नव्हतं. बंदुकीतलं बाईमाणसाला काय कळणार, असं इंद्रसिंगने मनात म्हटलं होतं असंही नाही. तिला विचारावं हे त्याला सुचलंच नव्हतं, आणि हे त्याहून वाईट. ती उठली, आपल्या पेटीच्या तळातून एक लाकडी डबी काढून आणली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"तुन्हा बाप मन्ह्याच डबीमाईन मेन लई जाये," ती म्हणाली. तुझा बाप माझ्याच डबीतून मेण न्यायचा.

ती कुंकवाच्या मेणाची डबी होती. पूर्वी बाया कपाळाला आधी बोटभर मेण लावत आणि त्यावर कुंकू टेकवत, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. टिकल्या आल्या तरी भिकुबाई मेणच लावायची, घरी केलेलं. आबा त्यातलं अर्धं आपल्या गोळ्यांसाठी उचलत. ते गेल्यापासून कपाळ रिकामं, म्हणून डबी पेटीत. तळाला नखभर वाळलेलं मेण उरलं होतं.

तिने दिलवरसिंगचं मेण मागून घेतलं, खोबरेल मागितलं आणि चूल पेटवायला सांगितली. गॅस चालणार नाही म्हणाली. किती मेणाला किती तेल हे ती सांगेना. "दिसस ते," एवढंच म्हणे, म्हणजे बघितलं की कळतं. म्हणून इंद्रसिंग वही घेऊन तिच्याशेजारी चुलीपाशी बसला. रविवार होता. ती मेण ढवळायची, थेंब पाण्यात टाकून बोटांनी चोळायची, मान हलवायची, पुन्हा ढवळायची. तो लिहायचा, खोडायचा. थोड्या वेळाने त्याने लिहायचं सोडलं आणि नुसतं जळण पुढे सारत राहिला. दुपार होईपर्यंत त्या दोघांत दहा वाक्यं झाली असतील नसतील. मेण मात्र असं उतरलं की बोटाला लागलं तर कळावं, पण चिकटू नये. बारा गोळ्या त्यात घोळवून, फिकट पिवळ्या, खोबरेलाच्या वासाच्या, त्याने पितळी ताटात सुकत ठेवल्या. मुदतीचे अजून नऊ दिवस बाकी होते. त्या दुपारी इंद्रसिंग पोटभर जेवला.

आता हे सगळं सुरळीत चाललं असतानाच धर्मचंदचं बोलणं फळाला आलं. तीन आठवडे तो प्रत्येक ग्राहकाला सांगत होता, की सर घरी गोया करी ऱ्हायनात, म्हाताऱ्या माणसांना सोसतील अशा. पलीकडच्या घरातल्या फुलवंताबाईचे गुडघे दहा वर्षं दुखत होते. सोमवारी इंद्रसिंग कामावर आणि मोहिनी पाण्यावर गेलेली असताना ती आली, ताट पाहिलं, आणि याच का इंद्रसिंगच्या गोया, असं भिकुबाईला विचारलं. भिकुबाईने हो म्हटलं. त्यात खोटं काय होतं? फुलवंताबाईने तांब्याभर पाण्याबरोबर दोन घेतल्या. पुढे ती सगळ्यांना सांगायची, की उभ्या जन्मात इतकी अलगद उतरलेली गोळी तिने पाहिली नव्हती. मेणाची याहून मोठी चाचणी दुसरी होऊ शकत नाही, पण साहेबांच्या यादीत ती नव्हती.

बुधवारी ती गुडघ्यांना आराम पडल्याचं सांगायला आणि आणखी चार मागायला आली. इंद्रसिंगने ताटातल्या गोळ्या पाहिल्या. दहा होत्या. त्याला गप्प बसता आलं असतं, दोन गोळ्या नव्या पाडता आल्या असत्या. पण शिसं पोटात गेलं की काय होतं हे त्याला विद्यार्थ्यांच्या पुस्तकातून ठाऊक होतं, आणि माणूस भित्रा असला तरी पापी नव्हता. त्याने फुलवंताबाईला रिक्षात घातलं आणि शहाद्याला एका दवाखान्यात नेऊन सगळं खरं सांगितलं.

डॉक्टर तरुण होता, नियमाने चालणारा. त्याने एक्स-रे काढला. पोटात दोन स्वच्छ पांढरे गोल. दोन दिवसांत आपोआप पडतील म्हणाला, आणि त्या पडल्याही, म्हातारीला काही झालं नाही. पण बंदुकीची गोळी माणसाच्या अंगात सापडली तर पोलिसांना कळवावंच लागतं. त्याच्या छापील अर्जात 'जखम कोठे' असा रकाना होता. जखम नव्हती. 'गोळी कोठून शिरली' याच्यापुढे त्याने बराच विचार करून 'तोंडातून' असं लिहिलं.

मग जबाब नोंदवायला हवालदार आला. बिचारा सांगलीकडून नुकताच बदलून आलेला, अहिराणीचा गंध नाही. फुलवंताबाई त्याला मोकळेपणाने म्हणाली, "इंद्रसिंगनी गोयी तोंडमा घाली. मंग माले बरं वाटनं." आमच्या बोलीत 'इंद्रसिंगनी गोयी' म्हणजे इंद्रसिंगची गोळी. ती तिने स्वतःच तोंडात घातली, एवढाच त्याचा अर्थ. पण हवालदाराच्या मराठीत 'इंद्रसिंगनी' म्हणजे इंद्रसिंगने. त्याने शुद्ध, वळणदार अक्षरात लिहिलं : 'इंद्रसिंग याने माझ्या तोंडात गोळी घातली. त्यानंतर मला बरे वाटू लागले.' वाचून दाखवलं तेव्हा फुलवंताबाई कौतुकाने मान हलवत होती. तिने खाली अंगठा दिला.

हे धादांत हास्यास्पद आहे हे ठाण्यातल्या सगळ्यांना कळत होतं. पण अंगठा झाला होता, आणि अंगठा झालेला कागद फाडता येत नाही. पंचनामा झाला. साचा गेला, शिसं गेलं, दहा गोळ्या गेल्या, आणि 'अज्ञात स्निग्ध पदार्थ, लाकडी डबीसह' अशी नोंद होऊन भिकुबाईची डबीही गेली. धर्मचंदला गोयीचा खरा अर्थ कळला तेव्हा तो हात जोडून दारात येऊन उभा राहिला. आपण हिंसेसाठी मेण विकलं, वर खोटी बातमी पसरवली, असं म्हणत त्याने उरलेले तीन पुडे परत मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास केला. इंद्रसिंगला त्याचा हेवा वाटला. उपास करून सुटण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो कचेरीत गेला. साहेबांनी त्याला बसवलं, चहा मागवला, यावरूनच त्याला काय ते कळलं. चौकशी चालू असलेल्या माणसाच्या नावावर परवाना होत नाही. चौकशी कधी संपेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि तोवर त्याच्या नोकरीच्या ठिकाणीही पत्र जाईल. निवृत्तीला सहा वर्षं राहिलेली. एक रस्ता होता. बंदूक स्वखुशीने सरकारजमा करत असल्याचं लिहून द्यायचं, सोबत जप्त झालेलं सगळं सोडून द्यायचं. मग गैरसमज म्हणून प्रकरण मिटवता येईल. इंद्रसिंगने खूप वेळ कागदाकडे पाहिलं. आबा असते तर त्यांनी तो भिरकावून दिला असता, हे त्याला माहीत होतं. आपण तो भिरकावणार नाही, हेही माहीत होतं. त्याने 'स्वखुशीने' या शब्दाखाली सही केली.

आणि मग एक गंमत झाली, म्हणजे ज्याला गंमत वाटेल त्याला. बंदूक कापण्याआधी ती कुठल्या अवस्थेत जमा झाली हे लिहावं लागतं. साहेबांनी ठाण्यातून आलेल्या जप्त मालातली एक गोळी घेतली, नळीच्या तोंडाशी ठेवली आणि गज नुसता टेकवला. गोळी गुपचूप तळाला जाऊन बसली. साहेबांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, की अगदी वडिलांच्या हातची वाटते. मग कापायच्या बंदुकीच्या कागदावर त्यांनी स्वच्छ लिहिलं : वापरण्यायोग्य.

घरी पोचेपर्यंत ऊन कललं होतं. भिकुबाई ओट्यावर बसली होती. इंद्रसिंग तिच्याजवळ बसला आणि तिच्या कानाशी वाकून त्याने सगळं सांगितलं. बंदूक गेली, आता परत येणार नाही. आपण सही करून दिली. आबांना शनिवारी आणतो म्हटलं होतं, तेही राहिलं. हे शेवटचं तो मोठ्याने प्रथमच बोलला. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "अन् डबी?"

डबीही तिकडेच राहिली, तो म्हणाला. दुसरी आणू, शहाद्यात मिळते, याहून चांगली मिळते.

"आते कसाले?" भिकुबाई म्हणाली. आता कशाला. मग कोणाला तरी समजावावं तसं ती बोलू लागली. डुक्कर दिसलं की तुझा बाप बंदूक भरायला घ्यायचा, आणि भरून होईस्तोवर डुक्कर निघून जायचं. एक मारलं नाही त्याने. गोळ्या मात्र दर साली करायच्या. "मेन करानं ऱ्हाये तो दिन चुल्हापाशी बठे मन्हाजोडे. सकायपाईन दुपारपावत. वरीसमा तेवढा येकच दिन."

सकाळपासून दुपारपर्यंत, वर्षातून एक दिवस. साठ वर्षांच्या संसारात नवरा शेजारी बसला तो एवढाच, आणि तोही गोळ्यांसाठी. इंद्रसिंगला वाटत होतं, की आपण आबांची वस्तू घालवली. आईचं काय गेलं ते त्याला आत्ता कळत होतं, आणि आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"यंदा तू बठना," ती म्हणाली. यंदा तू बसलास.